बंदीच्या आधी इंजिनातलं पाणी काढताना

१ जून ते ३१ जुलै. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे हे ६१ दिवस बोटीवर नव्याने लागलेल्या मुलाला सुट्टीचे वाटतात. खलाशी गावाला जातात, जाळी दुरुस्तीला निघतात, बोटी खाडीत आत आणून शाकारल्या जातात. इंजिन ज्याच्या ताब्यात आहे त्याची खरी परीक्षा मात्र याच दिवसांत असते. मे महिन्याच्या शेवटी तुम्ही इंजिनात जे ठेवून जाता, तेच ऑगस्टमध्ये तुमच्या पुढ्यात येतं. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या धक्क्यावर हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात खोललेली इंजिनं मी पाहिली आहेत. ती समुद्रात बिघडलेली नव्हती. ताडपत्रीखाली, कोणी हात न लावता बिघडली होती.

हे लिहितोय ते डिझेल मेकॅनिकचा आयटीआय करून किंवा घरच्या बोटीवरून थेट इंजिन खोलीत उतरणाऱ्या मुलांसाठी. नोझल म्हणजे काय, फिल्टर कधी बदलायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. त्यामुळे नेहमीची कामं भराभर सांगतो. ऑइल बंदीच्या आधी बदला, नंतर नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, ती दोन महिने बेअरिंगवर बसून राहते. डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, पाणी सुटतं, आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर शेवाळासारखा काळा चिकट गाळ तयार होतो. बॅटरीच्या वायरी सोडा आणि मधूनमधून चार्ज करा. सी वॉटर पंपातला रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) काढून ठेवा, नाहीतर त्याची पाती एकाच बाजूला वाकून तशीच राहतात. आणि एक्झॉस्टचा पाइप छपरावर उभा असेल तर त्याच्या तोंडावर पत्र्याचं टोपण घट्ट बांधा. प्लास्टिकची पिशवी आपल्याकडच्या जूनच्या वाऱ्यात एक रात्र टिकत नाही. तिथून उतरलेलं पावसाचं पाणी उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये गेलं आणि तुम्ही तसाच स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता मुख्य गोष्ट. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण आमची बोट यातच सापडली.

आपल्या इंजिनात पाणी दोन. ब्लॉकमधून फिरणारं गोडं पाणी किंवा कूलंट, आणि सी कॉकमधून (समुद्राचं पाणी आत घ्यायची झडप) आत येऊन हीट एक्स्चेंजर (खाऱ्या पाण्याने गोडं पाणी थंड करणारा नळ्यांचा डबा), ऑइल कुलर, गिअरचा कुलर यांतून फिरून बाहेर पडणारं खारं पाणी. बंदीच्या आधी खारं पाणी काढायचं आणि ती बाजू गोड्या पाण्याने धुवायची, एवढं सगळेच सांगतात. कॉक उघडा, पाणी जाईल, बंद करा. ऐकायला सोपं आहे, आणि घात इथेच होतो.

कॉक उघडला म्हणजे पाणी गेलं असं नाही.

ड्रेन कॉक कुठे असतो? सगळ्यात खालच्या जागी. गाळ कुठे बसतो? तोही सगळ्यात खालच्या जागी. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला बोट आत-बाहेर करताना पंप पाण्याबरोबर बारीक चिखल ओढतो. स्ट्रेनर शिंपले, कचरा अडवतो. पिठासारखा गाळ त्यातून सरळ आत जातो. त्यात भर म्हणून झिंकची (गंज स्वतःवर घेण्यासाठी बसवलेल्या जस्ताच्या तुकड्याची) झिजलेली चूर, गंजाचे पापुद्रे, जुन्या इंपेलरच्या तुटलेल्या पातीचा तुकडा. हे सगळं कुलरच्या तळाशी, नेमकं कॉकच्या मागे घट्ट बसतं. तुम्ही कॉक फिरवता. मातकट पाण्याचे चार थेंब पडतात, पाचवा लोंबकळतो आणि थांबतं. थांबलं म्हणजे संपलं, असं डोळ्याला वाटतं. संपलेलं काहीच नसतं. मागे कुलर भरलेलाच असतो.

आमच्या बोटीचं बंदीचं काम बाहेरच्या एका वर्कशॉपकडे दिलं होतं. त्यांच्या माणसाने ऑइल कुलरचा कॉक उघडला, थेंब पाहिले, बंद केला, वहीत बरोबरची खूण केली. हातात टॉर्च धरून मी शेजारीच उभा होतो. ऑगस्टमध्ये बोट पहिल्या फेरीला गेली आणि व्यवस्थित आली. दुसऱ्या दिवशी सकाळी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर ऑइल चहासारखं दुधाळ. साचलेलं खारं पाणी गाळाच्या थराखाली दोन महिने तांब्याच्या नळ्या खात बसलं होतं, आणि एका नळीला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. भोक एवढंसं, पण मेन बेअरिंगपर्यंत सगळं खोलावं लागलं. हंगामाची सुरुवात, भाव चढे, आणि आमची बोट धक्क्याला बांधलेली. मालक मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

पहिल्या फेरीत का कळलं नाही, हेही समजून घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून भोकातून ऑइल पाण्यात जातं. इंजिन थांबलं की ऑइलचा दाब शून्यावर येतो आणि पाणी ऑइलमध्ये झिरपायला लागतं. त्यामुळे चालू इंजिनाकडे बघून ही खोट सापडत नाही. रात्रभर थांबल्यावर, सकाळी स्टार्ट करण्याआधी डिपस्टिक पाहायची. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तरी हाच संशय घ्यायचा.

मग करायचं काय? कॉक नुसता उघडू नका, आख्खा काढा. धागे सोडवून पितळी कॉक हातात घ्या. भोकात सायकलच्या चाकाची तार घाला आणि हलवा. पहिल्यांदा तार दाण्यांवर घासल्यासारखी अडते, मग एकदम आत जाते, आणि तपकिरी पाण्याचा फवारा मनगटावरून कोपरापर्यंत येतो. त्याला कुजक्या खाजणाचा वास असतो. तो वास आला की हायसं वाटू द्या. आत अडकलेलं बाहेर येतंय. आता वरच्या बाजूचा होज काढून विहिरीचं पाणी ओता. वरून जेवढ्या धारेने घालाल तेवढ्याच धारेने खालून आलं पाहिजे. खालची धार बारीक असेल तर पुन्हा तार. एक्स्चेंजरची दोन्ही टोकांची झाकणं खोलून टॉर्चच्या उजेडात नळ्या आरपार दिसतात का पाहा. झिंक अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर तिथेच बदला, ऑगस्टची वाट पाहू नका.

ब्लॉकमधलं पाणी काढायचं असेल तर बादली लावा आणि मोजा. इंजिनच्या पुस्तकात गोड्या पाण्याची क्षमता लिटरमध्ये दिलेली असते. बादलीत त्याच्या अर्धंच आलं तर उरलेलं अर्धं आतच आहे. हे मला राजिवड्याच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हर चाचांनी शिकवलं. मी वाकून कॉककडे बघत होतो तेव्हा ते म्हणाले, "थेंब काय बघतोस रे, बालदी बघ."

चाचांवरून एक स्पष्टच सांगतो. धक्क्यावर उभं राहून सूचना देणाऱ्या उस्तादाकडे शिकू नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. जो स्वतः इंजिन खोलीत उतरतो, तुमच्या हातात पाना देतो आणि चुकाल तेव्हा शेजारी असतो, त्याच्याकडे पगार कमी मिळाला तरी जा. आणि "खारं पाणी असू दे रे, काय होत नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणखी एक शॉर्टकट मला अजिबात पटत नाही: पावसात आठवड्यातून एकदा येऊन पाच मिनिटं इंजिन चालवणं. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. जळणातून सुटलेली वाफ आतच थंड होऊन ऑइलमध्ये उतरते, आणि कोरडी केलेली खारी बाजू पुन्हा ओली होते. चालवायचंच असेल तर पुरतं तापेपर्यंत चालवा, नाहीतर हात लावू नका. आतले भाग चिकटू नयेत म्हणून फ्लायव्हील हाताने थोडं फिरवलंत तरी पुरे.

आपल्याकडची मुलं टगवर, लहान बोटींवर थंड मुलखातल्या बंदरांतही कामाला जातात. त्यांच्यासाठी वेगळं लिहितो, कारण तिथे हीच खोट एका रात्रीत नडते. गोडं पाणी ० अंशाला गोठतं, समुद्राचं साधारण उणे १.८ अंशाला, आणि गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. गाळाने तुंबलेल्या कॉकमागे राहिलेलं पाणी आपल्याकडे दोन महिन्यांत नळी खातं. तिथे ते रातोरात ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकवतं. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या असतात, त्या आधी निघून ब्लॉक वाचवतात असं कोणी सांगेल. त्यावर विसंबू नका. ओतकामाची वाळू काढण्यासाठी ठेवलेली ती भोकं आहेत. कधी वाटी निघते, कधी ब्लॉकच फुटतो.

तिथे ब्लॉकमध्ये अँटीफ्रीझ असतं, बहुधा इथिलीन ग्लायकॉल. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं असेल तर साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त घातलं तर जास्त चांगलं, हा समज चुकीचा आहे. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. आत पाणी उरलेलं असताना वरून अँटीफ्रीझ ओतलं तर ते पातळ होतं, म्हणून आधी रिकामं करणं तिथेही चुकत नाही. थेट खाऱ्या पाण्यावर थंड होणारं इंजिन असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत ते तापवल्याशिवाय अँटीफ्रीझ ब्लॉकमध्ये पोचतच नाही. बॅटरी भरलेली ठेवा. उतरलेली बॅटरी गोठते.

आपल्या कोकणात गोठायची भीती नाही, म्हणून कूलंट म्हणजे फुकटचा खर्च असं मालक म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा की त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि आपल्याला ती हवी आहेत. विहिरीच्या पाण्याने ब्लॉक आतून गंजतो. फक्त जुनं कूलंट धक्क्यावर ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं, धक्क्यावरची कुत्री-मांजरं ते चाटतात. खाडीतही नको. डब्यात भरा, झाकण लावा.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर ते स्वाभाविक आहे, मलाही येतं. पण यात हुशारीचं काम थोडं आणि चिकाटीचं जास्त आहे, आणि ते कोणालाही जमतं. रीतसर शिकायचं असेल तर राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं प्रशिक्षण केंद्र रत्नागिरीत आहे. तिथल्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभालही येते. पुढे जायचं असेल तर कोचीच्या सिफनेटमध्ये (मत्स्य नौकानयन आणि अभियांत्रिकी प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था) मरीन फिटरचा अभ्यासक्रम आहे. ही संस्था १९६३ पासून चालू आहे आणि चेन्नई, विशाखापट्टणमलाही तिच्या शाखा आहेत. कागद मिळवाच, पुढे मोठ्या बोटीवर कागद विचारतात.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात परत याल तेव्हा घाई करू नका. नारळी पौर्णिमेआधी निघायचं म्हणून मालक मागे लागेल, लागू दे. काढलेले कॉक, होज, इंपेलर जागेवर बसवा. हे विसरू नये म्हणून मे महिन्यातच पुठ्ठ्यावर "कॉक काढले आहेत, सी कॉक बंद" असं लिहून स्टार्टरच्या चावीला बांधून ठेवा. एक्झॉस्टचं टोपण काढा. फ्लायव्हील हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. मध्येच कुठे अडलं तर जोर लावू नका, नोझल काढून सिलिंडरमध्ये पाणी आहे का पाहा. मग सी कॉक उघडा, स्टार्ट करा आणि पहिला मिनिटभर दुसरीकडे कुठे बघू नका, फक्त बाहेर पडणारं पाणी बघा. ते आलं नाही तर लगेच बंद. आलं, तर इंजिन पुरतं तापेपर्यंत चालवा, थांबवा, घरी जा. सकाळी आधी डिपस्टिक काढा, आणि मगच तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) सांगा की बर्फ भरायला हरकत नाही.