खुब्याच्या सांध्यातलं इंजेक्शन: आधी काय तपासायचं, नंतर काय पाळायचं

‘खुबा दुखतोय’ असं सांगताना बहुतेक जण कमरेच्या मागे किंवा मांडीच्या बाहेरच्या कडेला हात लावतात. सांध्याची झीज मात्र बहुधा जांघेत दुखते आणि कळ मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंत उतरते. त्यामुळे दोष खुब्यात असताना गुडघ्यावरच इलाज चालू राहतो. निपाणीकडे तासन् तास मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायकांना आधी जाणवतं ते हेच: मांडी नीट पडत नाही, पायात चप्पल सरकवताना जांघ अडते.

घरी एक साधी चाचणी करता येते. उताणे झोपा, गुडघा काटकोनात वाकवून मांडी उभी धरा आणि दुसऱ्याला तुमचं पाऊल हळूच बाहेरच्या दिशेला न्यायला सांगा. जांघेत कळ आली किंवा पाय वळलाच नाही, तर खुब्याचा संशय धरा. मग ओटीपोटाचा, दोन्ही खुबे दिसतील असा उभ्याने एक्स-रे काढून घ्या. वय कमी असेल, दारू किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं चालल्या असतील आणि एक्स-रे स्वच्छ असेल, तर एमआरआय करा. मांडीच्या हाडाच्या वरच्या, खुब्यात बसणाऱ्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर तो इंजेक्शनाने परत येत नाही.

इंजेक्शनांमधला पहिला उपाय म्हणजे सांध्यात स्टेरॉइड. साधारण 40 मिलिग्रॅम ट्रायअॅमसिनोलोन किंवा 40 ते 80 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, सोबत काही मिलिलिटर भूल. खुब्याचा सांधा खोल असतो आणि त्याच्या पुढूनच मोठी धमनी व मोठी नस (मज्जातंतू) जाते, म्हणून इथे अंदाजाने सुई मारू देऊ नका. सोनोग्राफीवर किंवा सी-आर्मवर (पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) बघूनच घ्या. ‘मशीनवर बघून देणार का?’ हा प्रश्न वेळ ठरवतानाच विचारा. बेळगाव, खानापूर, चिकोडीकडे संमतीचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत मिळू शकतो. तो मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

जायच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर, कुठलीही जखम किंवा ताप आणि औषधांची अॅलर्जी सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. फक्त सुईपुरती भूल असेल तर बहुधा उपाशी राहावं लागत नाही, पण आदल्या दिवशी विचारून घ्या. सैल कपडे घाला, जुने एक्स-रे बरोबर ठेवा, सोबत माणूस घ्या. भूल जवळच्या मोठ्या नसेकडे पसरली तर काही तास पाय लटपटतो, त्यामुळे गाडी चालवत परत यायचं नाही.

आता सगळ्यात उपयोगाची आणि सर्रास राहून जाणारी गोष्ट. सुईआधी वेदनेला 0 ते 10 मध्ये आकडा द्या. नंतर अर्ध्या तासाने चालून, दोन-चार पायऱ्या चढून पुन्हा द्या. भूल चालू असताना वेदना निम्म्याहून कमी झाली, तर दुखणं सांध्याचंच. काहीच फरक नसेल, तर कंबर तपासून घ्यायला हवी. हा आकडा पुढच्या प्रत्येक डॉक्टरला कामाला येतो.

पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं. बर्फ दहा-पंधरा मिनिटं शेका. मधुमेह असेल तर आठवडाभर साखर रोज मोजा, ती चढते. दोन दिवस विहिरीत किंवा नदीत उतरू नका. ताप आला, दुखणं वाढतच गेलं, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते संसर्गाचं लक्षण असू शकतं.

आराम काही आठवडे, फार तर तीनेक महिने. तेवढ्यात मांडीच्या बाजूच्या स्नायूंना बळ आणायचं: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, उताणे झोपून कंबर उचलणं, दोन्ही दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरा. ऊसतोडीला किंवा उकिडवं बसायच्या कामाला लगेच जुंपून घेतलं, तर सुईचा फायदा वाया जातो. इंजेक्शनं वर्षाला तीन-चारहून जास्त नकोत. सांधा बदलायचा ठरला असेल, तर आधीचे तीन महिने सुई टाळा, नाहीतर संसर्गाचा धोका वाढतो.

पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) आणि ‘स्टेम सेल’च्या (मूळपेशींच्या) महागड्या पॅकेजांपासून सावध राहा. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने 2019 मध्ये खुब्याच्या झिजेसाठी या दोन्हींविरुद्ध आणि खुब्यातल्या हायलुरॉनिक अॅसिडविरुद्ध (सांध्यात वंगण म्हणून देतात ते जेल) ठाम शिफारस केली; स्टेरॉइड मात्र मान्य केलं, तेही खुब्यात सोनोग्राफीवर बघून.

शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर रेडिओफ्रीक्वेन्सी हा मार्ग विचारा. सांध्याकडे येणाऱ्या फेमोरल आणि ऑब्च्युरेटर नसांच्या बारीक फांद्या उष्णतेने बधिर करतात. आधी त्याच फांद्यांना भूल देऊन बघतात. तिने निम्मा तरी आराम पडला तरच पुढे जायचं. नसा पुन्हा वाढतात, काही महिन्यांनी दुखणं परतू शकतं, आणि झीज तशीच राहते. रात्री झोप मोडू लागली, पाय आखूड वाटू लागला, तर सुया थांबवून सांधा बदलण्याबद्दल बोला.