आर्किमेटमध्ये सर्व्हिस दाखवताना या चुका टाळा

आर्किमेट म्हणजे संस्थेचं कामकाज आणि त्यामागच्या संगणक यंत्रणा आकृत्यांत मांडायची भाषा. तिच्यात काढलेलं एका सहकारी बँकेचं मॉडेल तपासायला घेतलं होतं. ए-थ्रीचे कागद एकमेकांना चिकटवून भिंतीवर लावलेले, आणि त्यात ओळीने चार पिवळ्या (बिझनेस थराचा नेहमीचा रंग) बिझनेस सर्व्हिस: ‘शिल्लक – काउंटर’, ‘शिल्लक – एटीएम’, ‘शिल्लक – मोबाइल’, ‘शिल्लक – मिस्ड कॉल’. ग्राहकाला चारही ठिकाणी मिळतं काय? खात्यातल्या शिलकीचा आकडा. म्हणजे सर्व्हिस एकच. काउंटर, एटीएम वगैरे तिच्यापर्यंत पोचायचे इंटरफेस. सर्व्हिसची यादी अवाच्या सवा फुगलेली दिसली की मी आधी इथे बघतो. चारांची एक करा, इंटरफेस तिला ‘असाइनमेंट’ या नात्याने जोडा.

दुसरी गल्लत प्रक्रियेची. ‘कागदपत्रांची छाननी’ सर्व्हिस म्हणून काढलेली असते. कर्जदार छाननीसाठी येत नाही, कर्जासाठी येतो. छाननी ही आतली प्रक्रिया. पण इथे घाईने खोडरबर फिरवू नका. मुख्य कार्यालयातला एक कक्ष सगळ्या शाखांना छाननी करून देत असेल, तर शाखांच्या दृष्टीने ती खरोखर सर्व्हिस आहे. घेणारा बँकेबाहेरचाच हवा असं नाही, पण कोणीतरी हवा. म्हणून प्रत्येक सर्व्हिसला मी एकच प्रश्न विचारतो: ही घेतं कोण? टीममध्ये कोणालाच उत्तर देता आलं नाही, तर तो डबा सर्व्हिसचा नाही.

नावावर जाऊ नका. डेव्हलपरने ‘लोन-एलिजिबिलिटी-सर्व्हिस’ नावाचं मायक्रोसर्व्हिस, म्हणजे एकच काम करणारा छोटा स्वतंत्र प्रोग्राम, लिहिलं, म्हणून ते बिझनेस सर्व्हिस होत नाही. चालणारा कोड म्हणून तो अ‍ॅप्लिकेशन कंपोनंट. तो बाहेर जे देतो, म्हणजे पात्रता तपासून देणं, ती अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस. सर्व्हरवर प्रोग्राम चालते ठेवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीतही ‘सर्व्हिस’ नावाची वस्तू असते, पण ती पॉड्सपर्यंत, म्हणजे तिथे चालणाऱ्या प्रोग्रामपर्यंत, नेटवर्कवरून पोचायची सोय. ती उचलून जशीच्या तशी बिझनेस थरात ठेवलेली मी पाहिली आहे. आणि डब्याला पिवळा रंग दिल्याने त्याचा प्रकार बदलत नाही.

सर्वात जास्त वाद होतो बाणावरून. सर्व्हिंग म्हणजे कोण कोणाला सर्व्हिस देतं हे दाखवणारं नातं; त्याचा बाण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो. एपीआयचा कॉल, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे केलेली मागणी, मात्र घेणारा करतो, त्यामुळे प्रोग्रामरचा हात आपसूक उलटा बाण काढतो. २०१६मध्ये आर्किमेटची ३.० आवृत्ती येईपर्यंत या नात्याचं नाव ‘यूज्ड बाय’ होतं. नाव बदललं, दिशा तीच राहिली. उलटे बाण राहिले तर ‘हा सर्व्हर बंद पडला तर कोणाचं काम अडेल?’ याचं उत्तर चुकीचं येतं, आणि हे उत्तर मिळावं म्हणूनच तर एवढा खटाटोप करायचा.

मॉडेल आधीच बिघडलेलं असेल तर आर्ची या मोफत टूलमधून सीएसव्ही एक्स्पोर्ट करा. एलिमेंट्सच्या फाइलमधल्या प्रत्येक सर्व्हिसचा आयडी रिलेशन्सच्या फाइलमध्ये, सर्व्हिंगच्या ओळींत, ‘सोर्स’च्या रकान्यात शोधा. जी तिथे एकदाही सापडत नाही, तिला घेणारा कोणी दाखवलेलाच नाही. असेल तर बाण जोडा, नसेल तर ती प्रक्रिया आहे का बघा. मग ‘रिअलायझेशन’ हे नातं तपासा: सर्व्हिसमागे ती प्रत्यक्षात आणणारी प्रक्रिया किंवा फंक्शन नसेल, तर ते काम कोण करतं हे त्या विभागात जाऊन विचारून या.