घरातल्या तेल-तुपाचे नियोजन आणि जवसाची जागा

शरीराला लागणाऱ्या मेदाम्लांपैकी (फॅटी ॲसिड, म्हणजे तेल-तुपातल्या स्निग्धांशाचे मूळ घटक) दोन शरीर स्वतः तयार करू शकत नाही. लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ गटातले, तर अल्फा-लिनोलेनिक आम्ल ओमेगा-३ गटातले असून ही दोन्ही अन्नातूनच मिळवावी लागतात. म्हणूनच त्यांना अत्यावश्यक मेदाम्ले म्हणतात.

नियोजनाची सुरुवात महिन्याच्या किराणा यादीपासून करावी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या दैनंदिन आहारासाठी तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम सुचवले आहे. चार प्रौढ माणसांच्या घरात हा हिशेब महिन्याला साधारण साडेतीन लिटरपर्यंत जातो. तुमच्या घरी पाच-सहा लिटर तेल संपत असेल, तर कोणते तेल चांगले या चर्चेआधी फोडणीचा आणि तळणीचा हात आवरणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतातच.

त्यानंतर तेलाची निवड करावी. करडई आणि सूर्यफूल यांच्या नेहमीच्या तेलांत लिनोलेइक आम्ल भरपूर असते, शेंगदाणा तेलात ते मध्यम प्रमाणात असते. मात्र या तिन्हींत ओमेगा-३ जवळजवळ नसते. लाकडी घाण्याचे तेल घेतल्याने ही उणीव भरून निघत नाही. त्याचा वास आणि चव निश्चितच सरस असते, परंतु मेदाम्लांचे प्रमाण घाण्यावर नव्हे, तर बियांच्या जातीवर ठरते. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलांत ओमेगा-३ काही प्रमाणात मिळते, त्यामुळे शेंगदाणा तेलाच्या जोडीला त्यांपैकी एक आलटूनपालटून वापरावे. तूप आणि खोबरेल यांत संपृक्त (सॅच्युरेटेड) मेद जास्त असल्याने ती चवीपुरती ठेवावीत, वनस्पती तूप मात्र घरात आणूच नये.

ओमेगा-३ साठी आपल्याकडचा सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित स्रोत म्हणजे जवस. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या ताटात आहे. ती रोजची करावी. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत, परंतु करपू न देता भाजावे, पूर्ण गार होऊ द्यावे आणि लसूण, लाल तिखट, जिरे व मीठ घालून भरडसर कुटावे. जवस अखंड खाल्ल्यास बरेचसे दाणे न पचताच बाहेर पडतात, त्यामुळे कुटणे टाळू नये. कुटल्यावर त्यातले तेल हवेने लवकर खवट होते, म्हणून आठवडाभर पुरेल एवढीच चटणी करून घट्ट झाकणाच्या बरणीत, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावी. रोज एक मोठा चमचा कुटलेल्या जवसातून प्रौढ व्यक्तीची अल्फा-लिनोलेनिक आम्लाची बहुतेक गरज भागते. जवसाचे तेल वापरायचे असल्यास ते तळणीला किंवा फोडणीला न घेता तयार चटणीवर अथवा भाकरीवर कच्चेच घ्यावे.

मेंदू आणि डोळ्यांसाठी महत्त्वाची असलेली डीएचए आणि ईपीए ही ओमेगा-३ मेदाम्ले शरीर जवसापासून फार थोडीच बनवते. मासे खाणाऱ्यांनी म्हणून आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी, आणि ती तळण्याऐवजी कालवणात किंवा गोव्याकडच्या उडदमेथीत घालावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी जवसाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. इतरांनीही ते हळूहळू वाढवत न्यावे आणि सोबत पुरेसे पाणी प्यावे.