महापालिकेला निवेदन देताय? या चुका टाळा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं ड्रेनेजचं चेंबर दर आठ-पंधरा दिवसांनी तुंबायचं. समोरच अंगणवाडी. लहान पोरं त्या घाण पाण्यात ठेवलेल्या विटांवरून तोल सावरत आत जायची. शेवटी आम्ही रहिवाशांनी निवेदन तयार केलं. १४ मागण्या आणि दोनशेच्या वर सह्या. सगळे मिळून महापालिकेत गेलो, निवेदन देतानाचा फोटो काढला आणि समाधानाने घरी आलो. अडीच महिन्यांनी उत्तर आलं, तेही उद्यान विभागाकडून. आमची पहिली मागणी रस्त्यावर वाकलेल्या फांद्या छाटण्याची होती. आवक कक्षात, म्हणजे येणारी पत्रं घेतात तिथे, पहिला मुद्दा वाचला गेला आणि कागद उद्यान विभागाकडे गेला. फांद्या छाटल्या. चेंबर वाहतच राहिलं.

पुढे मी अशी बरीच निवेदनं लिहिली, शेजारच्या वस्त्यांनाही लिहून दिली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. काम होत नाही तेव्हा पुष्कळदा आपला कागद निर्णय होतो त्या टेबलापर्यंत गेलेलाच नसतो. आणि गेला तरी अधिकाऱ्याला नस्ती (फाइल) उघडता येईल असं त्यात काही नसतं. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत.

एकाच कागदात सगळी गाऱ्हाणी

ही सर्वांत मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते. महापालिकेत पथ, मलनिःसारण, पाणीपुरवठा, घनकचरा, विद्युत, उद्यान, अतिक्रमण असे वेगवेगळे विभाग असतात. प्रत्येकाचा अभियंता वेगळा, निधी वेगळा, नस्ती वेगळी. १४ मागण्यांचं निवेदन यांतल्या कुणाचंच नसतं. एक विषय, एक पत्र, शक्यतो एकच पान. पाच प्रश्न असतील तर पाच पत्रं द्या.

विषयाच्या ओळीतच जागा आणि काम दोन्ही यायला हवं. ‘प्रभागातील नागरी समस्यांबाबत’ यातून काहीच कळत नाही. ‘अमुक रस्त्यावरील अंगणवाडीसमोरचे ड्रेनेज चेंबर वारंवार तुंबत असल्याने वाहिनी बदलण्याबाबत’ असं लिहा. खाली तुंबल्याच्या तारखा, फोटो, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक आणि किती घरांना त्रास होतो ते. भावना एका वाक्यात पुरे, मोजमाप मात्र भरपूर हवं.

दुसऱ्या वेळी आम्ही पत्र लिहिण्याआधी कनिष्ठ अभियंत्यांना भेटलो. त्यांनी जागेवर येऊन झाकण उघडलं आणि सांगितलं, की इथे बंगले होते तेव्हाची सहा इंची लाइन आहे, आता दोन्ही बाजूंना इमारती झाल्या, कितीही वेळा साफ केली तरी तुंबणारच. मग म्हणाले, “तुम्ही साफसफाई मागू नका, मोठ्या व्यासाची लाइन मागा. तुमचं पत्र असलं की मला इस्टिमेट करून वर पाठवता येतं.” तोवर आम्ही अभियंत्याला समोरच्या पक्षातला माणूस समजत होतो. खरं तर फाइल पुढे सरकवायला त्यालाही आपल्या पत्राचा आधार लागतो. त्याच्यावर आवाज चढवणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, आधी त्याला विचारा, “पत्रात काय लिहिलं तर तुम्हाला उपयोग होईल?”

रस्ता कुणाचा, हे न पाहणं

शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, काही एमआयडीसीचे असतात. पुण्यात तर पुणे, खडकी आणि देहू रोड अशी तीन कॅन्टोन्मेंट बोर्डं, म्हणजे लष्करी छावणीच्या भागाचा कारभार पाहणारी मंडळं, आहेत. रस्त्याचा एक टप्पा इकडचा, पुढचा तिकडचा. मुंबईतल्या पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांची देखभाल २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) होती, त्यानंतर ती महापालिकेकडे आली. त्याआधीची कित्येक पत्रं चुकीच्या दारात गेली असतील.

याहून जास्त फसवणारे म्हणजे लेआउटमधले, बिल्डरने भूखंड पाडताना आखलेले रस्ते. बिल्डरने ते महापालिकेच्या ताब्यात दिलेलेच नसतात. आपण वर्षानुवर्षं डांबर मागत राहतो आणि ‘सदर रस्ता खासगी आहे’ एवढंच उत्तर येतं. अशा ठिकाणी पहिली मागणी डांबराची नको, रस्ता ताब्यात घेण्याची हवी. त्यासाठी मंजूर लेआउटची प्रत हाताशी ठेवा.

पोच न घेणं

तोंडी सांगितलं, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, साहेब ‘बघतो’ म्हणाले. याची कार्यालयात कुठेच नोंद नसते. अधिकाऱ्याची बदली झाली की सगळं शून्यावर. पत्राच्या दोन प्रती न्या, एक आवक कक्षात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ही स्थळप्रत जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक पत्रात ‘संदर्भ’ म्हणून तोच क्रमांक लिहायचा असतो.

या शिक्क्याचं मोल आता वाढलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मधल्या निकालात खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. खड्डा निदर्शनास आणून दिल्यापासून ४८ तासांत त्याची दखल घ्यावी, असंही सांगितलं. निदर्शनास कधी आणून दिलं, हे तुमच्याकडे तारखेनिशी हवं.

अॅपवर केलेल्या तक्रारीचंही असंच. तिचा क्रमांक आणि ‘तक्रार निकाली काढली’ या संदेशाचा स्क्रीनशॉट ठेवा. काम न होता ती बंद झाली असेल तर त्याच दिवशी त्याच जागेचा फोटो काढा आणि तक्रार पुन्हा उघडा. ती सोय नसेल तर जुना क्रमांक देऊन लेखी पत्र द्या. आठवड्याने काढलेल्या फोटोवर ‘नंतर पुन्हा खराब झालं’ असं उत्तर मिळतं.

अंदाजपत्रक झाल्यावर मोठं काम मागणं

चेंबरचं तुटलेलं झाकण बदलून वर्षात कधीही मागता येतं, ते देखभालीच्या पैशातून होतं. नवी वाहिनी, पदपथ, शौचालय यांसाठी मात्र अंदाजपत्रकात तरतूद लागते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मे महिन्यात मोठं काम मागितलं तर बहुतेक वेळा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते, किंवा दुसऱ्या कामाचे पैसे इकडे वळवण्याचा म्हणजे वर्गीकरणाचा प्रस्ताव आणावा लागतो. मागणी दिवाळीच्या आत विभागाकडे पोहोचली तर ती त्यांच्या यादीत येण्याची शक्यता राहते. पुणे महापालिका २००६ पासून पुढच्या अंदाजपत्रकासाठी थेट नागरिकांकडून कामं मागवते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात. तुमच्या शहरात अशी सोय असेल तर ती तारीख चुकवू नका. नसेल तर ती सुरू करा, अशी मागणीच करण्यासारखी आहे.

एकाच नगरसेवकाला धरून बसणं

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत तिथे प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं प्रभागाचा आवाज सभागृहात नव्हता. आता नगरसेवक आहेत. मुंबईत एका प्रभागाला एक आहे, पण पुण्यासारख्या शहरांत एका प्रभागातून साधारणपणे चार जण निवडून येतात. ओळखीच्या एकालाच पत्र दिलं तर उरलेल्या तिघांना ‘ते त्यांचं काम’ म्हणायला वाव मिळतो. चौघांनाही तेच पत्र द्या, त्यावर चौघांची नावं लिहा आणि प्रभाग समितीच्या बैठकीत विषय घ्यावा असं त्यात स्पष्ट मागा. नगरसेवक येतील-जातील, म्हणून मूळ पत्र मात्र प्रशासनालाच असू द्या.

लोकशाही दिनाला सामूहिक निवेदन नेणं

महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो. तिथे आयुक्त समोर असतात, म्हणून लोक सोसायटीच्या लेटरहेडवर सह्यांचं निवेदन घेऊन जातात आणि परत पाठवले जातात. लोकशाही दिनात तक्रार वैयक्तिक स्वरूपाचीच लागते. विहित नमुना लागतो आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट प्रकरण चालत नाही. त्यामुळे ज्याच्या दारात पाणी साचतं त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नुकसानीचा अर्ज करावा. सामूहिक निवेदनासाठी आयुक्तांची वेगळी वेळ मागावी.

माहिती अधिकारात ‘का?’ विचारणं

‘आमचा रस्ता का केला नाही?’ या प्रश्नाला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली उत्तर मिळत नाही. तिथे कागद मागायचे असतात. कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेला आदेश), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) संबंधित पानं, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास त्याची जबाबदारी असते ती मुदत, कधी संपतो त्याची नोंद. हा शेवटचा कागद फार उपयोगी. तो कालावधी चालू असेल तर उखडलेला रस्ता ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. तिथे निधीचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क आहे, अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. ही मुदत चुकवणारे खूप दिसतात, आणि तिथेच विषय संपतो.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही काही जण खड्ड्यांसाठी वापरायला जातात. तो दाखले, नळजोडणी अशा अधिसूचित सेवांसाठी आहे.

उत्तर आलं, काम नाही

‘पाहणी करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असं आलं तर आठ दिवसांनी जा आणि पाहणी अहवालाची प्रत मागा. ‘पुढील कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग’ असं आलं तर कोणत्या विभागाकडे, कोणत्या जावक क्रमांकाने, एवढं लिहून घ्या आणि तिथे जाऊन उभे राहा. ‘निधी उपलब्ध नाही’ असं आलं तर काम कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा. मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे. सांडपाण्याची व्यवस्था, रस्त्यांची देखभाल, रस्त्यावरचे दिवे त्यात येतात. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं आहेत. तुमचं काम कलम ६३ मधलं असेल तर तसं लिहा आणि पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद कधी करणार ते लेखी मागा.

आणखी एक करा. गल्लीतल्या कुण्या एकाकडे वही द्या. तारीख, कुणाला भेटलो, काय बोलणं झालं, पुढची तारीख. आमच्याकडे हे काम एका निवृत्त शिक्षिका काकूंनी घेतलं. दुसरं पत्र दिल्यापासून काम सुरू होईपर्यंत १७ महिने गेले, मध्ये दोन अभियंते बदलले. दर वेळी काकू वही उघडायच्या आणि नव्या साहेबांना पहिल्या पानापासून वाचून दाखवायच्या. नवी लाइन पडली. खोदलेला पट्टा मात्र नुसता मुरूम टाकून बुजवला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी फोटो काढायला लावले, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही पथ विभागाच्या आवक खिडकीपाशी होतो, दोन प्रती घेऊन.