ड्रायरची मोटर गेली म्हणण्याआधी

कोल्हापुरात ‘ड्रायर’ म्हटलं की बहुतेक घरांत जुन्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा लहान टबच डोळ्यांपुढे येतो. तो कपडे वाळवत नाही, गरगर फिरवून पाणी काढतो. गरम हवेचा ड्रायर कुणी परदेशातून आणला असेल तर आधी मागची पाटी वाचा. त्यावर फक्त ६० हर्ट्झ असेल तर नाद सोडा. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ आपले ५०च राहतात, आणि मोटर हळू फिरून तापते.

आता आपला टब. पावसाळ्याच्या तोंडावर तो बंद पडला की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘मोटर गेली’. मोटर सगळ्यात शेवटी बघायची.

पिन काढा, मागचं कव्हर खोला. टब वरून हाताने फिरवून काही कळत नाही, कारण झाकण उघडलं की ब्रेक लागतोच. म्हणून झाकण बंद करा आणि मागून, मोटरवरचा ब्रेक ड्रम, म्हणजे ब्रेकची पट्टी जिला धरते ती गोल चकती, बोटांनी फिरवा. तो हलका फिरायला हवा. जड जात असेल तर आधी दोन संशय. एक, ब्रेक वायर सैल पडलीय आणि पट्टी ड्रमला चिकटूनच आहे. वायर थोडी ताणून पट्टी ड्रमपासून सुटेल एवढी करा. दुसरा, बाहेरच्या आणि आतल्या टबाच्या मधून पायमोजा किंवा रुमाल खाली घसरून शाफ्टला, म्हणजे टब फिरवणाऱ्या दांड्याला, गुंडाळलाय. ड्रमचे बोल्ट सोडवून टब सरळ वर उचला, शाफ्ट वाकवू नका.

ड्रम हलका, पण मोटर नुसती घूं करते? मग कंडेन्सर, म्हणजे मोटरला फिरायला धक्का देणारी डबी. पुष्कळदा एकाच डबीत दोन असतात, मोठा आकडा धुण्याचा, लहान ड्रायरचा. हात लावण्याआधी त्याच्या टोकांना बल्ब टेकवून साठलेला करंट उतरवा. ५ मायक्रोफॅरड छापलेला मीटरवर ३.५ दाखवत असेल तर बदला. नवा घेताना छापील आकडा तोच आणि व्होल्ट कमी नकोत. तारांचा आधी फोटो काढा, रंगांवर भरवसा ठेवू नका.

आवाजच नसेल तर झाकणाचा स्विच आणि टायमर मीटरवर तपासा. स्विचचे पॉइंट काळे पडतात. तो कायमचा जोडून टाकायची युक्ती काही मिस्त्री सुचवतात. उघड्या टबात मुलाचा हात गेला तर काय होईल ते सांगायला नको.

इथवर सगळं ठीक असेल तरच मोटर. तिच्या तीन तारा दोन-दोन धरून ओहम मोजा. सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यावा. कुठे काहीच दाखवत नसेल तर आतला थर्मल कट (मोटर तापली की वीज तोडणारा) गेलाय किंवा वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, तुटलंय. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडून तेव्हापासून पडून असलेलं मशीन असेल तर मोटर काढून नीट सुकवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर (बॉडीत करंट गळतोय का ते दाखवणारं मीटर) वाइंडिंग ते बॉडी बघा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर पिन लावू नका.

मोटर जळालीच असेल तर नवी बसवण्याआधी वर बघा. टबाखालचं रबरी सील फाटलं की पाणी थेंबथेंब थेट मोटरवर पडतं, आणि ब्रेक ड्रमवर तांबूस ओघळ दिसतो. सील न बदलता बसवलेली मोटर पुन्हा जळणार. जुन्या मशीनमध्ये सीलची कड घासून शाफ्टवर बारीक खाच पडलेली असते, नखाला अडकते. तशा शाफ्टवर नवं सीलही पाणी धरत नाही. नवा शाफ्ट मिळाला नाही तर उद्यमनगरात लेथवर जुन्यावरच स्लीव्ह, म्हणजे धातूची पातळ नळी, चढवून घ्या. सीलच्या कडेला बोटभर ग्रीस पुरे.

टब थडथडत असेल तर मोटरखालच्या तिन्ही स्प्रिंग एकदम बदला. एकच बदलली तर मोटर तिरकी बसते.

चाचणीला दोन ओले टॉवेल कडेने पसरून ठेवा, वरची जाळी दाबून बसवा. टबाने पूर्ण वेग घेतला की झाकण उघडा. काही सेकंदांत टब थांबला नाही तर ब्रेक वायर जास्त ताणली गेलीय. एक खाच मागे घ्या.