निवेदन लिहिताना आधी क्रियापदं तपासा

लोकांसाठी निवेदनं आणि ठराव लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. मसुदा हाती आला की मी आधी क्रियापदं पाहते. 'लक्ष घालण्यात यावे', 'योग्य ती कार्यवाही व्हावी' अशा वाक्यांत करणारा माणूस सापडत नाही, मग जाब विचारायचा कुणाला? अशा वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि ते नव्याने लिहा. कोणी करायचं, नेमकं काय, कोणत्या तारखेपर्यंत आणि ते झालं हे आपल्याला कशावरून कळेल, हे सगळं त्याच वाक्यात आलं पाहिजे. येत नसेल तर बहुधा आपल्यालाच अजून ठरवता आलेलं नसतं. आधी बसून ते ठरवा.

एवढं करूनही एक प्रश्न उरतो: नाही केलं तर काय? भारताच्या संविधानातला मूळ अनुच्छेद ४५ बघा. संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्य प्रयत्न करील, असं त्यात होतं. कर्ता होता, मुदतही होती. पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यामुळे ते पाळलं नाही म्हणून न्यायालयात दाद मागता येत नव्हती. १९६० साल आलं आणि गेलं. शिक्षण मूलभूत हक्कांत आलं ते २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद २१क म्हणून, तेही सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मधल्या काळात किती मुलं वय उलटून बाहेर राहिली असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून मागणीखाली पुढची पायरी लिहाच: मुदत टळल्यास आम्ही अमुक कायद्याखाली, अमुक अधिकाऱ्याकडे अपील करू. जी पायरी खरोखर चढणार नाही, ती मात्र लिहू नका.

विशेषणं काढून टाका. 'तीव्र', 'जाहीर', 'कडक' यांनी काही हलत नाही. एखाद्या समाजाला सरसकट दोष देणारी ओळ असेल तर तीही काढा. मागणी मान्य झाली तरी त्या ओळीने केलेली जखम मागे राहते.

आता कुणी म्हणेल, अंमलबजावणीची सोय नसेल तर लिहायचंच कशाला? लिहायचं. २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिसमध्ये १५ देशांनी करार करून राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग केला. मोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद त्यात नव्हती, आणि १९३९ मध्ये महायुद्ध पेटलंच. पण नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणाने १९४६ च्या निकालात आक्रमक युद्ध बेकायदा ठरवताना याच कराराचा आधार घेतला. युद्ध थांबवणं त्या शब्दांना जमलं नाही, आरोपींना जाब विचारताना मात्र ते हाताशी होते.

म्हणून कागद जपा. निवेदन दिलं की शिक्का, तारीख आणि सही असलेली पोच तिथल्या तिथे घ्या. बैठकीत तोंडी आश्वासन मिळालं तर ते इतिवृत्तात आलं का ते वाचून बघा, नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. मुदत संपल्यावर नवं, आणखी कडक भाषेतलं निवेदन लिहायची घाई नको. जुन्याचीच प्रत समोर ठेवा, त्यातलं मागणीचं वाक्य दाखवा आणि त्याचं काय झालं याचं उत्तर लेखी मागा.