२२ नोव्हेंबरच्या आधी

संत सेसिलिया ही संगीताची आश्रयदाती. तिच्या सणाला, २२ नोव्हेंबरला, कॉन्व्हेंट शाळेतल्या दिवसावरची सहा गाणी मुलींकडून सलग गाऊन घ्यायची असतील तर तारीख उलटी मोजा. ऑक्टोबरात सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. परतल्यावर दिवस थोडे आणि गळे धुराने बसलेले. म्हणून गाण्यातले तिन्ही आवाज, वरचा, मधला आणि खालचा, गणपतीआधी पाठ हवेत.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला एकटीला गायला लावा. जी उंच गाते ती सोप्रानो, म्हणजे वरच्या आवाजाची, असं घाईने ठरवू नका. अल्टोत, म्हणजे खालच्या आवाजात, शेजारणीमुळे न ढळणाऱ्या मुली लागतात आणि त्या बहुधा मागच्या बाकावर गप्प बसलेल्या असतात. पेटीवर फक्त सुरुवातीचा सूर द्या. पूर्ण चाल वाजवलीत तर मुली पेटीच ऐकतील, एकमेकींना नाही.

लॅटिन ओळी फळ्यावर देवनागरीत लिहा. 'ग्रात्सिया', 'रेजिना चेली' हे आपल्या लिपीत नेमकं उतरतं. वसईकडच्या कॅथलिक मुलींना 'नमो मारिया' ही प्रार्थना मराठीत पाठ असते, त्यांच्याकडूनच वर्गाला अर्थ सांगून घ्या.

दुपारच्या गाण्यात एंजलस या प्रार्थनेची घंटा आहे, तीन-तीन-तीन आणि मग नऊ ठोके. चॅपलची घंटाच वापरणार असाल तर तिचा सूर ट्यूनरवर आधी पाहून ठेवा. घंटेची पट्टी बदलता येत नाही, गाण्याची येते. कार्यक्रम पुढे ढकलून ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात (लेंटमध्ये) गेला आणि चॅपलमध्येच झाला, तर 'आलेलुया' असलेलं गाणं गाळावं लागेल.

सगळ्यात जास्त वेळ चौथ्या गाण्याला ठेवा. ते ज्या तासावर आहे त्या तासाला वर्ग दुभंगतो: कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला जातात, बाकीच्या मॉरल सायन्सला, म्हणजे नीतिशिक्षणाला. मी मॉरल सायन्सवाली. भिंतीपलीकडून येणारी गाणी ऐकत ऐकतच मला दुसरा आवाज लावता येऊ लागला. तो तास आठवला की अजून गळा भरून येतो. गाण्यात दोन गट समोरासमोर उभे राहतात आणि एकाच चालीत दोन मात्रांच्या अंतराने शिरतात. गट आवाजावरून पाडा, धर्मावरून मुळीच नको. आणि एक तालीम खरोखर दोन वर्गांत घ्या, मध्ये भिंत, दारं उघडी, हाताने इशारा करणारं कोणी नाही. पलीकडचीचा श्वास ऐकूनच आपली ओळ उचलायची.